प्रतवारी

एकतीस वर्षं मी सफरचंदं निवडली
लोफ्टहुसच्या फळघरात, सरकत्या पट्ट्याशेजारी उभी राहून.
डोळ्यांनी नव्हे, अंगठ्याने.
साल धड असते, रंग धड असतो,
आणि आत एक मऊ जागा,
जिला अजून ठाऊक नसतं की ती डाग होणार आहे.
अशी फळं डाव्या खोक्यात. रसाला.

आता संध्याकाळी दिवा जवळ ओढून
मी स्वतःला निवडते.
मांडीवर एक, टेबलाच्या कोपऱ्याचा; तो आठवतो.
दंडावर एक, कशाचाच नाही.
परवा नडग्यांवर लाल ठिपके, टाचणीच्या टोकाएवढे,
पुरळ वाटावं असे,
पण बोटाने दाबले तरी विरेनात.
हे दिसले की फोन करायचा, गुनवोरने बजावलंय,
सोमवारची वाट बघायची नाही.

गुनवोर ओड्डाच्या इस्पितळात रक्त काढते.
सुई निघाल्यावर कापूस स्वतः दाबून धरते,
माझ्यावर सोपवत नाही,
आणि तेवढ्या वेळात तिच्या बकरीची गाऱ्हाणी सांगते.
मग कागद येतो.
पांढऱ्या पेशी: अठ्ठ्याऐंशी हजार.
एवढ्या! आणि कामाची धड एकही नाही,
नुसती गर्दी, हाडांच्या पोकळीत पथारी पसरून,
बाकीच्यांना जन्मायला जागा नाही.
म्हणून प्लेटलेट एक्केचाळीस हजार.
मागल्या वेळी त्रेपन्न.
सात वर्षं नुसतं लक्ष ठेवलं या ल्युकेमियावर,
आता औषधाचं बोलू, डॉक्टर म्हणतात.
एका आकड्याला घाबरू नका, उतार बघा.
फियॉर्डकाठच्या बाईला
उतार शिकवतात.

ब्रश मऊ. डोकं दुखलं तरी ऍस्पिरिन नाही.
घोळणा फुटला तर मान मागे टाकायची नाही,
पुढे झुकायचं, नाकाचा मऊ भाग चिमटीत,
दहा मिनिटं, मध्ये सोडून बघायचं नाही.
आईने उलटं शिकवलं होतं.
मी आयुष्यभर रक्त गिळलं.

आणि ती दुकानातली गोष्ट.
बाही वर सरकली, गल्ल्यावरून टोरहिल्डला दिसलं:
मनगटावर चार बोटं, जांभळी,
आतल्या बाजूला अंगठा.
तिने माझ्याकडे पाहिलं. मग दाराशी उभ्या लाइडुल्फकडे.
सुटे पैसे देताना हळूच म्हणाली,
काही सांगायचंय का?
मी हसले. हसायला नको होतं;
हसणाऱ्या बायका तिने पाहिल्या असतील.

चार दिवसांआधी धक्क्यावर बर्फ होतं.
माझा पाय गेला, त्याने धरलं, एवढंच.
डोकं दगडावर आपटलं असतं तर
एक्केचाळीस हजारांनी काय केलं असतं
कोण जाणे.

गाडीत तो बोगद्यापर्यंत बोलला नाही.
बोगद्यानंतर म्हणाला, लाकडं भरायचीत.
त्या दिवसापासून मनगट धरत नाही तो.
कोपराखाली नुसता तळवा ठेवतो,
ग्रावेनस्टाइन उतरवावं तसा, बोटं न रुतवता.
ते मीच शिकवलं होतं त्याला,
लग्नाआधी, शिडीवर उभी राहून.

साकळलेलं रक्त सावकाश घरी जातं.
जांभळं, मग हिरवट,
मग माळ्यावरच्या वर्तमानपत्रासारखं पिवळं.
करंगळी आधी पुसली.
अंगठा सगळ्यात हट्टी.
आज सकाळी तोही गेला.
खिडकीशी मनगट उलटून पालटून बघितलं,
पहिल्या प्रतीचं. उजव्या खोक्यात.

दाराशी तो बूट चढवत होता.
बाहेर पुन्हा गोठलंय, मी म्हटलं,
आणि हात पुढे केला.
किती आहेत आज? त्याने विचारलं.
कागद मंगळवारी येईल.
धर.